नदीकाठ सुधारणार, पण बाजाराचे काय?

छोट्या गावातील जुना घाट, बंदराचा धक्का किंवा तलावाचा काठ सुधारण्याच्या योजना अलीकडे बऱ्याच नगरपरिषदा हाती घेत आहेत. योजनेला ‘सुशोभीकरण’ असे नाव असते. ठराव होतो, निधी मंजूर होतो, ठेकेदार येतो आणि मग काठावर बसणाऱ्यांना जागा खाली करण्याची नोटीस मिळते. कित्येकदा तीही मिळत नाही, एके दिवशी सकाळी गाडी येते. या काठांवर आपल्या व्यापारी व कारागीर बंधूंपैकी पुष्कळांची रोजी आहे. कोणी आठवडी बाजारात कटपीस विकतो, कोणी कल्हई लावतो, कोणी छत्र्या व कुलपे दुरुस्त करतो, कोणाचा मासळीचा वाटा आहे. म्हणून नदीकाठ कसा सुधारतो आणि कशाने बिघडतो, हे व्यापाऱ्याने नीट समजून घेतले पाहिजे.

काठ सुधारू नये असे कोणीही म्हणणार नाही. घाण, अंधार आणि दुर्गंधी यांत गिऱ्हाईक येत नाही, हे आपल्याइतके दुसऱ्या कोणाला ठाऊक असणार? प्रश्न एवढाच की सुधारणा कोणत्या क्रमाने करायची आणि त्यात बाजाराला जागा कोठे द्यायची. या लेखात आधी काठ ओस का पडले ते पाहू, मग अहमदाबाद व महेश्वर या दोन ठिकाणचा अनुभव पाहू आणि शेवटी आपल्या गावात अशी योजना आल्यास काय करावे याचा विचार करू.

काठ ओस का पडले?

जुन्या काळी गावाचा दर्शनी भाग पाण्याकडे असे. कोकणात माल आणि माणसे गलबतांनी येत. पुढे मुंबईहून निघालेली आगबोट रत्नागिरी, विजयदुर्ग, मालवण, वेंगुर्ला अशी बंदरे घेत जाई. धक्क्यालगत वखारी, तिथेच हमाल, तिथेच खाणावळ आणि कापडाची पेढी. देशावर नदीचा घाट हे आंघोळीचे, धुण्याचे आणि पाणी भरण्याचे ठिकाण होते. रंगारी आणि धोबी यांची वस्ती पाण्याजवळच असे, कारण वाहत्या पाण्याशिवाय त्यांचा धंदा चालत नसे. उन्हाळ्यात कोरड्या पात्रात आठवडी बाजार भरे, तो काही गावांत आजही भरतो.

मग एकेक कारण संपत गेले. १९४८ मध्ये एस.टी. सुरू झाली, गावोगाव रस्ते आले आणि माल ट्रकने येऊ लागला. कोकणातील बोट बंद पडली, १९९८ मध्ये कोकण रेल्वे संपूर्ण मार्गावर धावू लागली. घरात नळ आला तेव्हा घाटावरचे धुणे कमी झाले. रंगाईचे काम कारखान्यांत गेले. बाजारपेठ घाटाकडून एस.टी. स्टँडकडे सरकली. गावाची तोंड असलेली बाजू गावाची पाठ झाली. जिथे कोणाचे रोजचे काम उरले नाही तिथे लोकांनी कचरा टाकण्यास सुरुवात केली आणि नगरपरिषदेने गटारे सोडली.

हा क्रम लक्षात ठेवण्याजोगा आहे. आधी माणसे गेली, घाण नंतर आली. त्यामुळे नुसती घाण काढल्याने माणसे परत येतील, हा हिशेब बरोबर बसत नाही.

सुशोभीकरण का टिकत नाही?

सुशोभीकरणाचे अंदाजपत्रक पाहिले तर त्यात साधारण ठरलेल्या बाबी आढळतात: संरक्षक भिंत, रंगीत फरशी, लोखंडी कठडा, दिव्यांचे खांब, एखादे कारंजे आणि नावाची कमान. उद्घाटनाला गर्दी होते. दोन पावसाळे गेले की फरशी उखडते, कारंज्याची मोटार बंद पडते, दिवे फुटतात. दुरुस्तीची तरतूद नसते आणि तक्रार करणाराही कोणी नसतो, कारण त्या जागेत कोणाचा रोजचा संबंध नसतो.

विल्यम व्हाइट नावाच्या अमेरिकन अभ्यासकाने न्यूयॉर्क शहरातील चौकांचे चित्रीकरण करून माणसे कोणत्या जागी थांबतात आणि कोणत्या जागा टाळतात, याची नोंद ठेवली. त्याचे पुस्तक १९८० मध्ये निघाले. त्याचे निष्कर्ष साधे होते. जिथे बसायला भरपूर जागा, ऊन-सावलीची सोय आणि खायला काही मिळते, तिथे माणसे येतात. माणसे येतात म्हणून आणखी माणसे येतात. महागड्या दगडाचा चौकदेखील बसायला जागा नसली तर रिकामा राहतो.

कापड विकणाऱ्याला हे शिकवावे लागत नाही. ज्या दुकानात चार गिऱ्हाइके तागे उलगडून पाहत आहेत तिथे पाचवे आपोआप चढते. रिकाम्या दुकानाची पायरी कोणी चढत नाही. काठाचेही तसेच आहे. पहाटे मासळी, दिवसा दुरुस्तीची कामे, सायंकाळी चहा-भजी आणि आठवड्यातून एकदा मोठा बाजार, अशी ये-जा असेल तर काठावर सतत कोणाची तरी नजर राहते. दिवा फुटला तर दुसऱ्या दिवशी बोंब होते. बायका-मुले निर्धास्त येतात. बाजार उठवून बाग केली तर बागेला सकाळी फिरणारे थोडे लोक मिळतात आणि रात्री तिचा ताबा भलतेच लोक घेतात.

अहमदाबादची गुजरी

याचा मोठा दाखला अहमदाबादचा आहे. शहर मोठे असले तरी गोष्ट एका बाजाराची आहे आणि आपल्या छोट्या गावांना ती जशीच्या तशी लागू पडते.

अहमदाबादेत साबरमतीच्या काठी दर रविवारी ‘गुजरी’ भरते. तिला रविवारी असेही म्हणतात. सुलतान अहमदशाहने १४११ मध्ये शहर वसवले आणि त्यानंतर थोड्याच वर्षांत हा बाजार सुरू झाला, अशी परंपरा सांगितली जाते. १९५४ पासून तो एलिस पुलाखाली नदीकाठी भरू लागला. जुनी अवजारे, भांडी, खाट-पलंग, पुस्तके, कपडे, कोंबड्या-बकऱ्या असे सर्व तिथे मिळते. विकणारे बहुतांशी गरीब मुसलमान, दलित आणि इतर कष्टकरी समाजांतील, त्यात स्त्रिया बऱ्याच. घेणारेही हातावर पोट असलेले. कमी भांडवलात धंदा सुरू करायचा तर अशा बाजारासारखी दुसरी जागा नसते. भाडे थोडे, पागडी नाही आणि गिऱ्हाईक आधीच हजर.

१९९७ मध्ये साबरमती रिव्हरफ्रंटसाठी स्वतंत्र कंपनी स्थापन झाली आणि २००५ मध्ये बांधकाम सुरू झाले. दोन्ही काठांवर सुमारे अकरा किलोमीटर भिंत व पायवाट बांधण्यात आली, पात्र अरुंद करून सुमारे २०० हेक्टर जमीन नव्याने काढण्यात आली आणि पायवाटेचा पहिला भाग ऑगस्ट २०१२ मध्ये लोकांसाठी खुला झाला. नदीत आता बारा महिने दिसणारे पाणी नर्मदेच्या कालव्यातून येते आणि ते वासणा बंधाऱ्याने अडवलेले असते. काठावरील दहा हजारांहून अधिक झोपडीवासी कुटुंबांना तिथून हलवावे लागले. त्यांतील पुष्कळांना वटवा यांसारख्या दूरच्या भागांत घरे मिळाली. घर पक्के मिळाले, पण कामाची जागा लांब गेली आणि रोजच्या कमाईतला मोठा भाग येण्याजाण्यात जाऊ लागला.

गुजरीची जागाही या योजनेत गेली होती. परंतु गुजरीवाल्यांची स्थिती एका बाबतीत वेगळी होती. त्यांची संघटना जुनी होती. सभासदांची यादी होती, जागेसंबंधीचे महापालिकेचे कागद होते. संघटना गुजरात उच्च न्यायालयात गेली. त्याच वेळी आय.आय.एम. आणि राष्ट्रीय डिझाइन संस्था यांतील काही शिक्षक-विद्यार्थ्यांच्या मदतीने तिने बाजार कसा बसवता येईल, याचा पर्यायी आराखडाही पुढे ठेवला. ‘आम्हाला हलवू नका’ एवढेच म्हणून ती थांबली नाही, ‘आम्हाला असे बसवा’ हेही तिने कागदावर दाखवले. अखेर योजनेतच बाजारासाठी जागा काढण्यात आली आणि २०१४ मध्ये जुन्या जागेजवळच, पूर्व काठावर, ओटे व झाडे असलेला नवा बाजार सुरू झाला.

आज दर रविवारी तिथे उसळणारी गर्दी पाहिली की लक्षात येते की ज्यांना आधी उठवायचे होते, तेच लोक काठाचा हा भाग जिवंत ठेवत आहेत. मात्र एक धडा कडू आहे. अशा वाटपात ज्याचे नाव यादीत असते त्याचा विचार आधी होतो. वर्षानुवर्षे बसूनही ज्याच्याजवळ पावती नाही, त्याला स्वतःचे अस्तित्व सिद्ध करण्यापासून सुरुवात करावी लागते.

पाणी ज्याच्या धंद्याला लागते तो

अहमदाबादची आणखी एक बाजू कापडवाल्यांनी पाहण्यासारखी आहे. तिथे ‘माता नी पछेडी’ नावाचे हाताने रंगवलेले कापड तयार होते. या कामात काळा रंग लोखंडाच्या गंजापासून आणि लाल रंग तुरटी व अलिझरीन यांच्या मेळातून येतो. कापडावरचा जास्तीचा रंग व तुरटी धुऊन काढावी लागते. ती साचलेल्या पाण्यात धुतली तर सुटलेला रंग दुसरीकडे बसतो आणि पांढरी जागा मळते. म्हणून हे कारागीर पिढ्यान्‌पिढ्या साबरमतीच्या वाहत्या पाण्यात कापड धूत आले. नदीला उंच भिंत झाली, पाणी अडवून स्थिर झाले आणि त्यांचा पाण्याशी संबंध अवघड होऊन बसला. धोब्यांसाठी वेगळा धोबीघाट बांधण्यात आला. पण असा विचार प्रत्येक धंद्यासाठी आपोआप होत नाही. तो मागावा लागतो.

आपल्या गावातही जाळी विणणारे व सुकवणारे, होडी दुरुस्त करणारे, बुरूड, कुंभार, धोबी यांना पाण्यापर्यंत उतरण्याची वाट लागते. नकाशावर सलग कठडा काढणाऱ्याला ही वाट दिसत नाही. मात्र हेही स्पष्ट सांगितले पाहिजे की रासायनिक रंगाचे पाणी नदीत सोडण्याचा हक्क कोणालाही नाही. १९७४ च्या जलप्रदूषण कायद्याने त्यास मनाई आहे. धुण्याच्या जागेस वेगळी टाकी आणि सांडपाण्याची सोय योजनेतच करून घ्यावी, म्हणजे उद्या प्रदूषणाचे निमित्त करून धंदा उठवता येणार नाही.

महेश्वर : छोट्या गावाचा दाखला

आता एक छोटे गाव पाहू. मध्य प्रदेशात नर्मदेच्या काठी महेश्वर आहे. २०११ च्या जनगणनेत त्याची लोकसंख्या सुमारे २४ हजार होती. अहिल्याबाई होळकरांनी १७६७ ते १७९५ या काळात राज्य केले. त्यांनी महेश्वरला राजधानी केली, नदीवर घाट बांधले आणि बाहेरून विणकर आणून वसवले. त्या विणकरांच्या कामाला दरबारातून मागणी होती. १८१८ नंतर होळकरांची राजधानी इंदूरला गेली आणि महेश्वरचे दिवस पालटले. पुढे गिरणीच्या कापडाने हातमागाचा आणखी जीव काढला. घाट दगडाचे म्हणून उभे राहिले, मागांचा खटखटाट मात्र कमी होत गेला.

१९७८ च्या सुमारास रिचर्ड व सॅली होळकर यांनी ‘रेहवा सोसायटी’ सुरू करून थोड्या मागांवर पुन्हा काम चालू केले. स्त्रियांना विणकाम शिकवले, मालाला मोठ्या शहरांत गिऱ्हाईक मिळवून दिले. हळूहळू गावातील इतर विणकरही, ज्यांत मोमीन-अन्सारी घरे पुष्कळ आहेत, पुन्हा मागावर बसले. महेश्वरी साडीला आज भौगोलिक निर्देशांकाचे संरक्षण आहे. ताण्यात रेशीम व बाण्यात सूत, दोन्ही बाजूंनी नेसता येणारा काठ आणि पदरावरील पट्टे ही तिची ओळख. काठांवरच्या नक्षीची नावे पाहा: लहर, ईंट, चटाई, हिरा. ही नक्षी नर्मदेच्या लाटांवरून आणि किल्ल्याच्या व घाटाच्या दगडांवरून घेतली आहे.

इथे व्यापाऱ्याने लक्षात घ्यावे असे काही आहे. पाहुणा घाटावर येतो, पायऱ्यांवर बसतो, होडीतून फिरतो आणि वर गावात जाऊन साडी घेतो. साडी घेतलेली बाई घरी जाऊन महेश्वरचे नाव सांगते, त्यातून आणखी कोणी घाट पाहायला येते. घाट मालाची जाहिरात करतो आणि माल घाटाची. दोन्हींपैकी एकच असते तर दुसऱ्याला एवढे बळ मिळाले नसते. शिवाय हा घाट पायऱ्यांचा आहे. पाणी चढले तरी आणि उतरले तरी माणूस पाण्याजवळ जाऊ शकतो. उंच सरळ भिंतीवरून पाणी फक्त पाहता येते.

आपल्या गावात महेश्वरसारखा किल्ला नसेल, परंतु गावाचा म्हणून एखादा माल बहुतेक ठिकाणी असतो. सावंतवाडीत गावाच्या मधोमध मोती तलाव आहे आणि जवळच लाकडी खेळण्यांची चितार आळी आहे. तलावावर आलेल्या माणसाला आळीची वाट सापडणे, हे दोघांच्याही फायद्याचे असते. काठ सुधारताना कारागिरांची आळी आणि बाजारपेठ यांना काठाशी जोडणारी एक चांगली, सावलीची, दिव्यांची वाट मागितली, तर तिचा खर्च कारंज्याहून कमी येतो आणि फायदा जास्त होतो.

आधी गटार, मग फरशी

योजनेचा क्रम तपासताना पहिला प्रश्न गटाराचा विचारावा. गावाचे सांडपाणी जिथे नदीला मिळते ते तोंड बंद होऊन पाणी शुद्धीकरणाकडे वळले आहे काय? ते झाले नसेल तर वरची फरशी म्हणजे डागाळलेल्या ताग्यावर इस्त्री. डास आणि वास कायम राहतील आणि बाजारही बसणार नाही.

दुसरा प्रश्न पुराचा. महाराष्ट्रात पाटबंधारे खाते नद्यांच्या दोन पूररेषा आखते. साधारण २५ वर्षांतून एकदा येणारा पूर जिथवर पोहोचतो ती निळी रेषा आणि १०० वर्षांतून एकदा येणारा पूर जिथवर पोहोचतो ती लाल रेषा. नदीपासून निळ्या रेषेपर्यंतचा भाग निषिद्ध क्षेत्र मानला जातो, तिथे इमारती नकोत; बाग, मैदान अशा मोकळ्या वापराला वाव असतो. निळ्या व लाल रेषेमधला भाग नियंत्रित क्षेत्र. म्हणून निळ्या रेषेच्या आत कोणी तुम्हाला पक्का गाळा देऊ करत असेल तर पैसे भरण्यापूर्वी दहादा विचार करावा. तिथे उघडे ओटे आणि संध्याकाळी उचलून नेता येईल असा बाजारच बरा. २२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठीच्या पुरात चिपळूणची बाजारपेठ बुडाली, तेव्हा कापडवाल्यांचे काय झाले ते आपण पाहिले आहे. भिजलेली गाठ उन्हात घालून पूर्वीची होत नाही. नदीचे पात्र भिंतीने अरुंद करून जमीन काढायची असेल तर तेवढे पाणी पुराच्या वेळी कोठे जाईल, याचे लेखी उत्तर मागणे हा दुकानदाराचा हक्क आहे.

समुद्र व खाडीच्या काठी सी.आर.झेड.चे नियम लागतात. ते प्रथम १९९१ मध्ये आले, सध्याची मूळ अधिसूचना २०१९ ची आहे. भरतीचे पाणी जिथवर चढते त्या नदी-खाडीच्या काठालाही ते लागू आहेत. परवानगीशिवाय बांधलेला गाळा घेणाऱ्याचे पैसे अडकतात, बांधणारा मोकळा राहतो.

कायदा काय सांगतो?

रस्त्यावर व बाजारात बसणाऱ्यांसाठी २०१४ मध्ये पथविक्रेता कायदा झाला आणि त्याच वर्षी १ मेपासून तो लागू झाला. त्यातील पुढील तरतुदी प्रत्येक बाजारकरूला ठाऊक असाव्यात.

प्रत्येक गावात पथविक्रेता समिती असावी आणि तिच्यात किमान ४० टक्के प्रतिनिधी विक्रेत्यांनी निवडून दिलेले असावेत, त्यांत एक तृतीयांश स्त्रिया. विक्रेत्यांचे सर्वेक्षण करून सर्वांना प्रमाणपत्र मिळेपर्यंत कोणालाही उठवता किंवा हलवता येत नाही. हलवायचे झाल्यास तीस दिवसांची नोटीस द्यावी लागते. गावाच्या लोकसंख्येच्या अडीच टक्क्यांपर्यंत विक्रेत्यांना सामावून घेण्याची तरतूद आहे. म्हणजे तीस हजार वस्तीच्या गावात साडेसातशे. जुना, आपोआप भरत आलेला बाजार ‘विक्रीस मनाई’च्या क्षेत्रात टाकता येत नाही. आणि ज्या अशा बाजारात विक्रेते पन्नास वर्षांहून अधिक काळ धंदा करत आहेत, तो वारसा बाजार म्हणून जाहीर करून तेथील विक्रेत्यांना हलवू नये, असे कायद्याच्या दुसऱ्या परिशिष्टात म्हटले आहे.

ही शेवटची तरतूद आपल्या कित्येक आठवडी बाजारांना लागू पडू शकते. मात्र पन्नास वर्षे भरतो हे तोंडाने सांगून चालत नाही, दाखवावे लागते. आणि ज्यांनी नगरपरिषदेचा पक्का गाळा भाड्याने घेतला आहे त्यांचा हक्क या कायद्यातून येत नाही, तो त्यांच्या करारातून येतो. करार संपलेला असेल तर तो आधी नव्याने करून घ्यावा.

व्यापाऱ्यांनी कोणती तयारी करावी?

१. बाजारकर किंवा जागाभाड्याच्या जुन्या पावत्या जपून ठेवाव्यात. वडिलांच्या वेळच्या पावत्या घरात असतील तर त्या शोधाव्यात. कोऱ्या पावतीवर किंवा पावतीशिवाय पैसे देऊ नयेत.

२. बाजारात बसणाऱ्या सर्वांची यादी करावी: नाव, माल, किती वर्षांपासून, जागेचे माप. जातीधर्माचा भेद न करता सर्वांना त्यात घ्यावे. अर्ध्या बाजाराची संघटना अर्ध्याच ताकदीची असते. ती नोंदणीकृत करावी आणि दरवर्षी हिशेब वाचून दाखवावा.

३. बाजार किती जुना आहे याचे पुरावे गोळा करावेत. जुने गॅझेटियर, नगरपरिषदेचे ठराव, जुनी छायाचित्रे, वर्तमानपत्रांतील बातम्या.

४. योजनेचा नकाशा व अंदाजपत्रक माहिती अधिकार कायद्याखाली मागावे. अर्जाची फी दहा रुपये आहे आणि सर्वसाधारणपणे तीस दिवसांत उत्तर मिळाले पाहिजे. नकाशात बाजाराची जागा कोठे आहे, शौचालय, पाणी, कचऱ्याची जागा आणि माल उतरवण्याची जागा दाखवली आहे की नाही, हे तपासावे. हरकती-सूचनांची मुदत चुकवू नये. मुदतीनंतरचा मोर्चा मुदतीतल्या एका अर्जाची बरोबरी करू शकत नाही.

५. आपला आराखडा आपण द्यावा. जवळच्या इंजिनिअरिंग किंवा आर्किटेक्चर कॉलेजातील विद्यार्थी व शिक्षक असे काम आनंदाने करतात. किती ओटे, मधली वाट किती रुंद, कोणता माल कोणाशेजारी, हे आपल्याइतके त्यांना माहीत नसते. आपण सांगावे आणि त्यांनी काढावे.

६. कामाच्या काळात बाजार कोठे भरेल हे आधी लेखी ठरवून घ्यावे. दोन वर्षे बाजार बंद राहिला तर गिऱ्हाईक दुसरी सवय लावून घेते. ते परत आणणे नवा धंदा मांडण्याइतके कठीण असते. काम टप्प्याटप्प्याने करावे आणि एक टप्पा बसता झाल्यावरच दुसरा उठवावा, ही मागणी वाजवी आहे.

७. देखभालीचा प्रश्न विचारावा. बाजारातून मिळणाऱ्या जागाभाड्यातील ठरावीक हिस्सा त्याच काठाच्या दिवाबत्ती व सफाईवर खर्च व्हावा असा ठराव करून घेता आला, तर नगरपरिषदेलाही बाजार हवासा वाटू लागतो.

आपल्या बाजूची जबाबदारी

मागणी करणाऱ्याने स्वतःचे घरही तपासावे. ठरलेल्या रेषेपुढे पथारी वाढवणे, वाटेत हातगाडी उभी करणे, माशाचे पाणी आणि कोंबड्यांची घाण नदीत टाकणे, बाजार उठल्यावर प्लास्टिक तिथेच सोडणे, या गोष्टींमुळेच गावातील सामान्य माणूस ‘यांना उठवले तर बरे’ असे म्हणू लागतो. त्याचे म्हणणे सर्वस्वी चुकीचे नसते. संघटनेने बाजाराच्या दुसऱ्या दिवशी जागा झाडून देण्याची जबाबदारी स्वतः घेतली, तर हरकत घेणाऱ्याचे निम्मे बोलणे संपते.

पक्क्या दुकानदारांनाही दोन शब्द. काठावरचे बसणारे गेले की आपला धंदा वाढेल, असे पुष्कळांना वाटते. प्रत्यक्षात खेड्यातून बाजाराला आलेला माणूस भाजी, मासळी, दुरुस्ती आणि कपडा अशी चार कामे एका फेरीत करतो. त्यातली तीन कामे दुसऱ्या गावी होऊ लागली की चौथेही तिकडेच जाते. पथारीवर पन्नास रुपयांचा कटपीस घेणारी बाई लग्नसराईत दुकानाची पायरी चढते. दोघांनी एकत्र अर्ज दिला तर नगराध्यक्षही तो वाचतो.

काठ सुधारण्यास मिळालेला निधी वारंवार मिळत नाही. एकदा नकाशा मंजूर होऊन काम सुरू झाले की बाजारासाठी जागा मागणे म्हणजे शिवून झालेल्या कुर्त्यात खिसा मागणे. कापड बेतण्यापूर्वीच माप द्यावे लागते. म्हणून ज्यांच्या गावात अशा योजनेची नुसती चर्चा आहे, त्यांनी येत्या बाजारच्या दिवशीच एकत्र बसून यादी करण्यास आणि पावत्या जमवण्यास सुरुवात करावी.